राक्षसपटांचे पार्श्वसंगीत

राक्षसपटांचे पार्श्वसंगीत म्हणजे ज्या चित्रपटांच्या केंद्रस्थानी एखादा महाकाय, अमानवी किंवा विकृत जीव असतो, अशा चित्रपटांसाठी रचलेले संगीत होय. किंग काँग (१९३३), गोजिरा (१९५४) व जॉज (१९७५) या चित्रपटांचे संगीत या प्रकारातील प्रमुख उदाहरणे मानली जातात. महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटांत तुंबाड (२०१८) आणि मुंज्या (२०२४) हे हिंदी चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय आहेत.

या प्रकारच्या चित्रपटात संगीतकाराची निवड हा निर्मितीतील एक महत्त्वाचा निर्णय असतो. पडद्यावरील राक्षस बहुधा अपुरा असतो. तो बाहुली, मुखवटा, यंत्र किंवा संगणकीय प्रतिमा असतो आणि बराच काळ तो दाखवलाच जात नाही. त्याचा आकार, वय, हेतू आणि त्याच्याविषयी प्रेक्षकाला वाटावयाची भीती किंवा करुणा यांचा मोठा भाग संगीतातून उभा राहतो. त्यामुळे निवडीचा मुख्य प्रश्न ‘भीतिदायक संगीत कोण चांगले देतो’ हा नसून ‘हा राक्षस कोण आहे’ हा असतो.

व्याप्ती

मराठीत भयपट, भूतपट आणि राक्षसपट या संज्ञा अनेकदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. परंतु संगीताच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. भूतपटात भीतीचे कारण अदृश्य किंवा मानवी रूपातील असते. त्यामुळे तेथे एखादे हुरहूर लावणारे गीत अथवा स्त्रीस्वर पुरेसा ठरू शकतो. महल (१९४९, संगीत खेमचंद प्रकाश) आणि बीस साल बाद (१९६२, संगीत हेमंत कुमार) या हिंदी चित्रपटांत गाण्यानेच गूढता निर्माण केली आहे. राक्षसपटात मात्र भीतीला शरीर असते. त्या शरीराला वजन, चाल आणि भूक असते. संगीताला या तिन्ही गोष्टींची दखल घ्यावी लागते.

संगीताचे कार्य

राक्षसपटात पार्श्वसंगीत साधारणपणे पुढील कामे करते :

चाहूल देणे – राक्षस दिसण्यापूर्वी त्याची उपस्थिती सूचित करणे.

आकार देणे – खर्जातील सूर, संथ लय आणि पितळी वाद्यांचा भरणा यांतून पडद्यावरील आकृती प्रत्यक्षापेक्षा मोठी भासवणे.

ओळख देणे – राक्षसाशी जोडलेली एक ठरावीक धून पुन्हा पुन्हा वापरून प्रेक्षकाच्या स्मरणात ती पक्की करणे.

भूमिका घेणे – प्रेक्षकाने राक्षसाला भ्यावे, त्याचा तिरस्कार करावा की त्याच्याविषयी कळवळा बाळगावा, हे ठरवणे.

यांतील शेवटचे कार्य सर्वांत नाजूक आहे. एकाच दृश्याला दोन वेगळे संगीतकार लाभल्यास त्याचा नैतिक अर्थही बदलू शकतो.

इतिहास

किंग काँग

अमेरिकेतील आर.के.ओ. या चित्रसंस्थेच्या किंग काँगचे संगीत व्हिएन्ना येथे जन्मलेल्या मॅक्स स्टायनर यांनी दिले. रंगभूमीवरील संगीतिकांचे वाद्यवृंदसंयोजन व संचालन हा त्यांचा मूळ व्यवसाय होता. काँगचे सर्वाधिक वापरले गेलेले नमुने सुमारे १८ इंच उंचीचे होते आणि ते एकेका चौकटीने हलवून चित्रित केले गेले होते. खर्च वाढल्यामुळे आधीच्या चित्रपटांसाठी तयार असलेले संगीतच वापरावे, असा चित्रसंस्थेचा कल होता. सहदिग्दर्शक व निर्माते मेरियन कूपर यांनी नव्या संगीताचा खर्च स्वतः देण्याची तयारी दाखवून स्टायनर यांच्याकडून स्वतंत्र रचना करून घेतली.

या संगीताची मांडणी पुढील काळात आदर्श ठरली. आरंभीच्या श्रेयनामावलीनंतर न्यूयॉर्कमधील दृश्ये जवळजवळ संगीतविरहित आहेत. जहाज धुक्यात शिरून बेटाजवळ येते तेव्हा संगीत सुरू होते. वास्तवाच्या जगात शांतता आणि राक्षसाच्या जगात संगीत, अशी ही विभागणी होती. शेवटी काँगच्या मृत्यूच्या वेळी संगीत भीतीची बाजू सोडून शोकाकडे वळते. बाहुलीला मरण येते आणि प्रेक्षकाला दुःख होते, यामागे संगीताचा मोठा वाटा आहे.

युनिव्हर्सलचे राक्षसपट

युनिव्हर्सल चित्रसंस्थेच्या ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन (१९३५) या चित्रपटाला फ्रान्झ वॅक्समन यांचे संगीत होते. क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून (१९५४) या चित्रपटात मात्र काम वाटून देण्याची पद्धत दिसते. हान्स साल्टर, हेन्री मॅन्सिनी आणि हर्मन स्टाइन या तिघांनी त्यासाठी रचना केल्या, पण श्रेयनामावलीत त्यांची नावे आली नाहीत. जलचर राक्षस दिसताच वाजणारी तीन सुरांची कर्कश आकृती चित्रपटभर पुनरावृत्त होते. ती प्रभावी असली, तरी राक्षस दिसणार की नाही हे संगीत दर वेळी आधीच जाहीर करते, असा आक्षेपही या पद्धतीवर घेता येतो.

गोजिरा

जपानच्या तोहो चित्रसंस्थेचा गोजिरा ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. इशिरो होंडा दिग्दर्शित या चित्रपटाचे संगीत अकिरा इफुकुबे यांनी दिले. होक्काइदो बेटावरील कुशिरो येथे १९१४ साली जन्मलेले इफुकुबे यांचे औपचारिक शिक्षण वनशास्त्राचे होते. संगीत त्यांनी प्रामुख्याने स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. त्यांच्या ‘जपानी रॅप्सडी’ या वाद्यवृंदरचनेला १९३५ साली चेरेपनिन पारितोषिक मिळाले होते. राक्षसपट स्वीकारल्यास गंभीर संगीतकार म्हणून असलेल्या प्रतिष्ठेला बाधा येईल, अशा सूचना मिळूनही त्यांनी हे काम घेतले.

गोजिराची गर्जना प्राण्याच्या आवाजातून न घेता वाद्यातून निर्माण करण्यात आली. डबल बेसच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढून तो आवाज मिळवला गेला. चित्रपटाची पुढे जगप्रसिद्ध झालेली मुख्य धून मूळ चित्रपटात प्रामुख्याने राक्षसाशी झुंजणाऱ्या सैन्याच्या हालचालींना जोडलेली होती. नंतरच्या चित्रपटांत ती गोजिराची ओळख बनली. अणुचाचण्यांच्या छायेतील या कथेत इफुकुबे यांनी विध्वंसाच्या दृश्यांनंतर विलापाचे संगीत ठेवले आणि शालेय मुलींच्या समूहस्वरातील शांतिप्रार्थनेचाही वापर केला. शिन गोजिरा (२०१६, संगीत शिरो सागिसु) व गोजिरा मायनस वन (२०२३, संगीत नाओकी सातो) या चित्रपटांतही त्यांच्या मूळ धुना पुन्हा वापरण्यात आल्या.

जॉज, एलियन आणि द थिंग

स्टीव्हन स्पिलबर्ग दिग्दर्शित जॉजच्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडत असे. त्यामुळे अनेक दृश्यांत ती दाखवताच आली नाही. जॉन विल्यम्स यांनी दोन शेजारच्या सुरांची आवर्तने वापरून अदृश्य शार्कची जागा भरून काढली. सुरांची गती वाढते तशी शार्क जवळ येत असल्याचा भास होतो. ही धून प्रथम ऐकल्यावर ती थट्टा असावी, असे स्पिलबर्ग यांना वाटले होते. दोन मुले खोटा पंख लावून लोकांना घाबरवतात, त्या दृश्यात ही धून वाजत नाही. म्हणजेच संगीत प्रेक्षकाशी प्रामाणिक राहते. या संगीतास ऑस्कर पुरस्कार मिळाला.

रिडली स्कॉट दिग्दर्शित एलियन (१९७९) मध्ये याच्या उलट अनुभव आला. जेरी गोल्डस्मिथ यांनी रचलेले काही भाग मूळ जागांवरून हलवण्यात आले, काही ठिकाणी त्यांच्याच फ्रॉइड (१९६२) या जुन्या चित्रपटातील संगीत बसवण्यात आले आणि अखेरीस हॉवर्ड हॅन्सन यांच्या दुसऱ्या सिंफनीचा अंश वापरला गेला. योग्य संगीतकार निवडूनही दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार यांच्यात चित्रपटाच्या स्वराविषयी एकमत नसेल, तर काय होते याचे हे उदाहरण आहे.

द थिंग (१९८२) या चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन कारपेंटर एरवी स्वतःच्या चित्रपटांना स्वतःच संगीत देत असत. येथे त्यांनी एन्नियो मॉरिकोने यांची निवड केली. हे संगीत संयमित आणि एकसुरी स्पंदनावर आधारलेले होते. त्या काळी त्याला वर्षातील सर्वांत वाईट संगीतासाठीच्या रॅझी या उपहासात्मक पुरस्काराचे नामांकन मिळाले. नंतर मात्र त्याचे मूल्यमापन बदलले. त्यासाठी रचलेल्या संगीताचा काही भाग द हेटफुल एट (२०१५) मध्ये वापरला गेला आणि त्या चित्रपटासाठी मॉरिकोने यांना ऑस्कर मिळाले.

हिंदी चित्रपटांतील परंपरा

हिंदी चित्रपटांत ‘संगीतकार’ म्हणजे मुख्यतः गाण्यांना चाली देणारा, असा अर्थ दीर्घकाळ रूढ होता. पार्श्वसंगीत तोच संगीतकार, त्याचे संयोजक किंवा एखादी वेगळी व्यक्ती करीत असे. निर्मात्याच्या दृष्टीने गाणी ही विक्रीयोग्य बाब होती. पार्श्वसंगीत चित्रपट पूर्ण होताना उरलेल्या वेळेत केले जाई. राक्षसपटाला ज्या संगीताची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच संगीताला या व्यवस्थेत दुय्यम स्थान होते.

समुद्रातून आलेल्या महाकाय जीवाची कथा सांगणारा गोगोला (१९६६) हा बलवंत दवे दिग्दर्शित चित्रपट जपानी राक्षसपटांच्या धर्तीवरचा होता. त्याचे संगीत रॉय–फ्रँक या जोडीचे होते. राजकुमार कोहली दिग्दर्शित जानी दुश्मन (१९७९) या चित्रपटात लाल वेषातील नववधूंना पळवणारा राक्षस आहे. या चित्रपटाला लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे संगीत होते. येथे गाणे आणि भीती यांचा सांधा चांगला जुळला आहे. डोली निघाली की राक्षस येणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे पाठवणीचे गाणेच संकटाची चाहूल बनते. गाण्यांची परंपरा अडथळा न ठरता राक्षसाच्या उपयोगी पडते, असे हे उदाहरण आहे.

मुंबईतील रामसे बंधूंनी कमी खर्चातील भयपटांची मालिकाच निर्माण केली. दो गज जमीन के नीचे (१९७२) या चित्रपटाला सपन–जगमोहन, पुराना मंदिर (१९८४) ला अजित सिंग, वीराना (१९८८) ला बप्पी लाहिरी आणि बंद दरवाजा (१९९०) ला आनंद–मिलिंद यांचे संगीत होते. पुराना मंदिर व बंद दरवाजा यांतील राक्षसी भूमिका अनिरुद्ध अगरवाल यांनी केल्या. या नावांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. संगीतकार बदलत गेले आणि त्यांत लोकप्रिय गीतांसाठी प्रसिद्ध असलेली नावेही होती. एका राक्षसाची एकच धून अनेक चित्रपटांतून वाढत जावी, असे गोजिराच्या बाबतीत घडले तसे येथे घडले नाही.

१९९०च्या दशकापासून पार्श्वसंगीताकडे स्वतंत्र काम म्हणून पाहण्याची प्रवृत्ती वाढली. राम गोपाल वर्मा यांच्या रात (१९९२) या चित्रपटाचे पार्श्वसंगीत मणी शर्मा यांनी दिले, तर त्यांच्याच भूत (२००३) या चित्रपटाचे पार्श्वसंगीत सलीम–सुलेमान यांचे होते. भूत चित्रपटात एकही गाणे चित्रित केलेले नव्हते. हे दोन्ही भूतपट असले, तरी पार्श्वसंगीतकाराचे नाव चर्चेत येण्यास त्यांनी हातभार लावला.

महाराष्ट्राच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट

तुंबाड

राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाड १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. आदेश प्रसाद हे सहदिग्दर्शक, आनंद गांधी हे सर्जनशील दिग्दर्शक, तर सोहम शाह हे निर्माते व प्रमुख अभिनेते होते. चित्रपटाची प्रेरणा मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या लेखनात आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचलेले आहे. १९१८ पासून १९४७ पर्यंतच्या काळात घडणारी ही कथा लोभाविषयी आहे. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याच्या आणि धान्याच्या हव्यासापायी शापित होतो. देवी त्याला वाचवते, पण त्याची कधीही पूजा होणार नाही या अटीवर. पुढे एक कुटुंब त्याच्या सोन्याच्या मोहात पडते.

चित्रपटाचे संगीत दोन वेगवेगळ्या हातांत देण्यात आले. शीर्षकगीत अजय–अतुल या मराठी संगीतकार बंधूंनी केले, तर पार्श्वसंगीत डेन्मार्कमध्ये १९७२ साली जन्मलेले जेस्पर कीड यांनी दिले. तुंबाड हा कीड यांचा पहिला भारतीय चित्रपट होता. ते मुख्यतः व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी ओळखले जातात. हिटमॅन मालिका, असॅसिन्स क्रीड (२००७) व त्याचे पुढील काही भाग, बॉर्डरलँड्स (२००९) आणि स्टेट ऑफ डिके (२०१३) हे त्यांचे प्रमुख काम होय. हिटमॅन : काँट्रॅक्ट्सच्या संगीतासाठी त्यांना ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेचा पुरस्कार मिळाला.

कोकणातल्या वाड्यात घडणाऱ्या कथेसाठी परदेशी गेम-संगीतकार, ही निवड वरकरणी विसंगत वाटते. तिच्या समर्थनार्थ कथेतच असलेली काही कारणे दाखवता येतात.

पहिले कारण हस्तरच्या स्वरूपात आहे. हस्तर हा पुराणांतला किंवा लोकदैवतांच्या परंपरेतला देव नाही. तो पटकथेसाठी निर्माण केलेला आहे. शिवाय कथेनुसार त्याची उपासनाच निषिद्ध आहे. महाराष्ट्रातील लोकदैवतांची ओळख त्यांच्या संगीतापासून वेगळी काढता येत नाही. खंडोबाचे जागरण, देवीचा गोंधळ, यल्लमाचा जोगवा यांना आपापली वाद्ये आणि ठेके आहेत. खानदेशात, विशेषतः जळगाव जिल्ह्यातील अनेक गावांत, बारागाड्या ओढण्याच्या वेळी भगताभोवती ढोलाचा गजर असतो आणि तो ठेका ऐकताच गावकऱ्याला पुढे काय घडणार हे कळते. ज्या देवाची आरती नाही, जागरण नाही आणि ज्याच्यापुढे कधी संबळ वाजलेले नाही, त्याला असा कोणताही ठेका उसना देता येत नाही. परंपरेबाहेरचा स्वर त्याला अधिक शोभतो.

दुसरे कारण दृश्यांच्या रचनेत आहे. नायक विनायक विहिरीतून खाली उतरून देवीच्या गर्भात शिरतो, पिठाचे रिंगण आखतो, पिठाची बाहुली पुढे करतो आणि वाट पाहतो. ही कृती पुनरावृत्त होते. प्रत्येक वेळी ताण टिकवायचा, पण लगेच स्फोट करायचा नाही, अशी संगीताची कसोटी आहे. गेमच्या संगीतात नेमके हेच कौशल्य लागते. खेळणारा अंधाऱ्या खोलीत किती वेळ थांबेल हे संगीतकाराला ठाऊक नसते. त्यामुळे अनिश्चित काळ टिकणारी अस्वस्थता थरांथरांनी रचावी लागते.

तिसरे कारण पावसाचे आहे. चित्रपटातील तुंबाडवर अखंड पाऊस कोसळतो. पावसाचा आवाज खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला असल्यामुळे नाजूक स्वर त्यात झाकले जातात. अशा चित्रपटात संगीतकाराला ध्वनिरचनाकाराच्या जागेवर अतिक्रमण न करता स्वतःची जागा शोधावी लागते. तुंबाडला ६४व्या फिल्मफेअर पुरस्कारांत छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनाबरोबर ध्वनिरचनेचाही पुरस्कार मिळाला. ध्वनिरचना कुणाल शर्मा यांची होती.

शीर्षकगीतासाठी अजय–अतुल यांची निवड या विभागणीला पूरक ठरते. जोगवा (२००९) या मराठी चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता आणि महाराष्ट्राचे लोकसंगीत त्यांच्या रचनांचा गाभा आहे. मात्र येथे ‘देशी विरुद्ध परदेशी’ असा सरळ भेद करणे योग्य नाही. सोलापूर जिल्ह्याच्या पार्श्वभूमीवरील सैराट (२०१६) साठी याच बंधूंनी अमेरिकेत तेथील वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रण करून घेतले होते. वाद्य कोठले आहे यापेक्षा ते कथेतील कोणाच्या बाजूने वाजते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

तुंबाड २०१८ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला आणि या वेळी त्याने मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक व्यवसाय केला.

मुंज्या

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित मुंज्या ७ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. मुंजा ही महाराष्ट्रातील लोकसमजुतीतील सर्वपरिचित कल्पना आहे. मुंज झालेला, पण विवाहापूर्वीच मरण पावलेला मुलगा पिंपळावर राहतो, अशी ही समजूत आहे. चित्रपटातील कथा कोकणात आणि पुण्यात घडते. गाणी सचिन–जिगर यांची, तर पार्श्वसंगीत जस्टिन वर्गीस यांचे आहे.

येथील राक्षस संगणकीय प्रतिमेतून साकारलेला, हट्टी आणि खोडकर मुलाच्या वृत्तीचा आहे. तो भयानक आहे आणि हास्यास्पदही. त्यामुळे संगीतालाही भीतीवरून विनोदावर व पुन्हा भीतीवर क्षणात उडी मारावी लागते. हस्तरसारख्या अनोळखी राक्षसाला ओळखीचे ठेके अडचणीचे ठरले असते. मुंज्याला मात्र ते उपकारक आहेत, कारण प्रेक्षक त्याला आजीच्या गोष्टींतून आधीपासूनच ओळखतो. एकाच प्रदेशातील दोन राक्षस आणि संगीताच्या दोन निराळ्या गरजा, असा हा फरक आहे.

निवडीचे निकष

वरील उदाहरणांवरून संगीतकाराच्या निवडीचे काही निकष मांडता येतात.

राक्षसाची प्रकृती : काँग एकाकी आहे, गोजिरा युद्धाची जखम आहे, जॉजमधील शार्क केवळ भूक आहे, हस्तर लोभ आहे. शोकगीत रचण्याची ताकद, यंत्रवत लय हाताळण्याची ताकद आणि विनोदाची जाण ही तीन वेगळी कौशल्ये आहेत.

दृश्यतेचे प्रमाण : राक्षस कमी दिसणार असेल, तर संगीताला त्याची जागा घ्यावी लागते. तो सतत दिसणार असेल, तर तेच सांगणारे संगीत पुनरुक्त ठरते. क्लोव्हरफील्ड (२००८) मध्ये हाती धरलेल्या कॅमेऱ्याचा भास टिकवण्यासाठी कथाभागात पार्श्वसंगीतच ठेवले नव्हते. मायकेल जियाकिनो यांची रचना केवळ अखेरच्या श्रेयनामावलीत वाजते.

संयम : कोठे वाजवू नये हे ज्याला कळते, असा संगीतकार या प्रकारात मोलाचा असतो. स्टायनर यांची आरंभीची शांतता आणि विल्यम्स यांनी खोट्या पंखाला नाकारलेली धून ही याची उदाहरणे होत.

ध्वनिरचनेशी सहकार्य : गर्जना, पाऊल, श्वास हे ध्वनी आणि संगीत एकाच पट्टीत आल्यास दोन्ही निष्प्रभ होतात. गोजिराची गर्जना वाद्यातून निघाल्यामुळे ती संगीताशी एकजीव झाली.

प्रदेशाची जाण : लोकवाद्य वापरायचे असेल, तर त्याचा मूळ संदर्भ माहीत असणे आवश्यक असते. मंगलप्रसंगीचे वाद्य अज्ञानाने राक्षसाला दिल्यास स्थानिक प्रेक्षकाची भीती हास्यात बदलते. जाणूनबुजून दिल्यास तोच विरोध परिणामकारक ठरू शकतो.

पूर्वानुभवाचे मर्यादित महत्त्व : स्टायनर रंगभूमीवरून, इफुकुबे मैफलीच्या संगीतातून आणि कीड गेमच्या क्षेत्रातून आले. दक्षिण कोरियाच्या द होस्ट (२००६) या राक्षसपटाचे संगीतकार ली ब्युंग-वू हे गिटारवादक आहेत. भयपटांचा दीर्घ अनुभव ही निवडीची अट असल्याचे या यादीवरून दिसत नाही.

निवडीची प्रक्रिया

संगीतकाराला साधारणपणे पटकथेच्या टप्प्यावर किंवा पहिल्या संकलनानंतर विचारणा होते. राक्षसपटात पहिला पर्याय अधिक सोयीचा असतो, कारण राक्षसाची धून आधी तयार असल्यास दृश्याचे संकलन तिच्या लयीनुसार करता येते. दुसऱ्या पर्यायात एक अडचण उद्भवते. संकलक तोपर्यंत इतर चित्रपटांतील संगीत तात्पुरते लावून ठेवतो आणि दिग्दर्शकाच्या कानाला त्याची सवय होते. त्यानंतर आलेल्या नव्या संगीतकाराकडून नकळत त्याच संगीताच्या नकलेची अपेक्षा केली जाते.

निवडीपूर्वी संगीतकाराकडून नमुनादाखल एक-दोन दृश्यांचे संगीत करून घेण्याची पद्धत आहे. त्यासाठी राक्षसाच्या हल्ल्याचे दृश्य देण्यापेक्षा हल्ल्याआधीचे शांत दृश्य देणे अधिक उपयुक्त ठरते. हल्ल्याच्या दृश्यात मोठा आवाज उणिवा झाकतो. शांत दृश्यात संगीतकाराची कल्पकता उघडी पडते. निवड झाल्यावर दिग्दर्शक, संकलक, संगीतकार आणि ध्वनिरचनाकार एकत्र बसून चित्रपट पाहतात आणि संगीत कोठे सुरू व्हावे, कोठे थांबावे याची नोंद करतात.

ऐकण्याच्या साधनांचाही विचार करावा लागतो. माणसाला साधारणतः २० हर्ट्झपासूनचे ध्वनी ऐकू येतात आणि चित्रपटगृहातील मोठे ध्वनिवर्धक अतिखर्जातील कंपने पोहोचवू शकतात. भ्रमणध्वनीच्या लहान ध्वनिवर्धकातून ती जवळजवळ नाहीशी होतात. केवळ खर्जावर उभा केलेला राक्षस त्या पडद्यावर मुका होतो. म्हणून त्याची ओळख स्वरांच्या क्रमातही असावी लागते. जॉजची धून कोणत्याही साधनावर ओळखू येते, ती यामुळेच.

अडचणी आणि वाद

या प्रकारातील प्रमुख अडचण आर्थिक आहे. अंदाजपत्रकाचा मोठा भाग राक्षसाच्या दृश्यनिर्मितीवर खर्च होतो आणि संगीत शेवटी होत असल्यामुळे उरलेल्या पैशांत व वेळेत उरकावे लागते. किंग काँगच्या वेळी निर्माण झालेला हा प्रश्न आजही तसाच आहे.

दुसरी अडचण श्रेयाची आहे. क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगूनच्या तीन संगीतकारांना पडद्यावर नाव मिळाले नाही. हिंदी चित्रपटांतही गाण्यांच्या संगीतकाराचे नाव जाहिरातीत ठळक असते आणि पार्श्वसंगीतकाराचे नाव प्रेक्षकांपर्यंत क्वचित पोहोचते. राक्षसपट पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाच्या मनात जी भीती रेंगाळते, तिचा कर्ता बहुधा दुसऱ्या प्रकारचा संगीतकार असतो.

तिसरा वाद अनुकरणाचा आहे. यशस्वी चित्रपटाचे संगीत पुढील अनेक चित्रपटांसाठी साचा बनते. एकाएकी मोठा आवाज करून दचकवणे हा त्यांतील सर्वांत प्रचलित साचा होय. अशा आवाजाने प्रेक्षक दचकतो, परंतु राक्षसाविषयी त्याला काहीही नवे कळत नाही.

हे सुद्धा पहा

तुंबाड (चित्रपट)
मुंज्या (चित्रपट)
अजय–अतुल
जेस्पर कीड
अकिरा इफुकुबे
नारायण धारप
रामसे बंधू
पार्श्वसंगीत